फाइल खरंच डिस्कवर गेली का? लिनक्स, विंडोज आणि मॅकवरच्या एफसिंकबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

राइटने एरर दिली नाही, फाइल नीट क्लोज केली, तरी लाइट गेल्यावर फाइल शून्य बाइटची कशी काय झाली?

कारण राइट कॉल डिस्कपर्यंत जातच नाही. तो तुमचा डेटा कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) पेज कॅशमध्ये, म्हणजे रॅममध्येच, कॉपी करतो आणि झालं म्हणून परत येतो. तहसील कचेरीत आवक खिडकीवर अर्ज दिला, पोच शिक्का मिळाला, पण साहेबांच्या टेबलावर अर्ज कधी पोचणार ते खिडकीवाल्याला माहीत नसतं, तसलाच प्रकार. क्लोजचंही तेच, क्लोज केलं म्हणजे सेव्ह झालं हा समज फार पसरलेला आहे पण क्लोज फक्त उघडलेल्या फाइलचा हँडल सोडतो, डिस्कला काही सांगत नाही. डिस्कवर लिहायला लावायचं काम एफसिंक या कॉलचं.

आणि यातला सगळ्यात फसवा भाग म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमने ती फाइल उघडली तर त्याला नवीन डेटाच दिसतो कारण वाचणं पण त्याच कॅशमधून होतं, त्यामुळे "मी उघडून बघितलं ना, आलं होतं सगळं" याला पुरावा म्हणून काडीची किंमत नाही. प्रोग्रॅम क्रॅश झाला तर कॅश शाबूत राहते, कर्नल सावकाश लिहून टाकतो. मशीनच बंद पडली तर मात्र गेलं ते गेलं.

मग आपोआप कधी लिहिलं जातं?

लिनक्सवर डीफॉल्ट सेटिंगला कर्नलचा फ्लशर दर ५ सेकंदांनी उठतो आणि ३० सेकंदांपेक्षा जुनी झालेली डर्टी पानं (म्हणजे बदललेली पण अजून डिस्कवर न गेलेली) डिस्ककडे पाठवतो. डर्टी पानं फारच साठली तर आधीही पाठवतो. म्हणजे अर्धा मिनिट तुमचा डेटा नुसता रॅममध्ये असू शकतो आणि हे बग नाही, मुद्दाम असं केलंय, नाहीतर प्रत्येक छोट्या राइटला डिस्कची वाट बघत बसावं लागलं असतं.

एफफ्लश आणि एफसिंक एकच ना?

नाही हो. सी मधला एफफ्लश, पायथॉनमधला फ्लश, हे तुमच्या प्रोग्रॅमच्या आतला बफर रिकामा करून कर्नलला देतात. एफसिंक कर्नलकडचं डिस्कला द्यायला लावतो. दोन्ही लागतात आणि याच क्रमाने लागतात, आधी फ्लश मग एफसिंक. उलटं केलं किंवा फ्लश विसरलात तर एफसिंक बिचारा इमानदारीत अर्धवट फाइल डिस्कवर टाकेल आणि यशस्वी म्हणून सांगेल.

सी प्लस प्लसवाल्यांची अडचण वेगळी, ओएफस्ट्रीममधून फाइल डिस्क्रिप्टर (एफसिंकला द्यावा लागणारा उघडलेल्या फाइलचा नंबर) मिळवायचा सरळ मार्ग स्टँडर्डमध्ये नव्हता म्हणून बरेच लोक फ्लश करून गप्प बसतात. जिथे डेटा महत्त्वाचा तिथे सरळ ओपन-राइट-एफसिंक वापरा. डॉट नेटमध्ये फाइलस्ट्रीमच्या फ्लशला ट्रू पास करावं लागतं, नुसता फ्लश पुरत नाही. जावात फाइलचॅनलचा फोर्स.

एफडेटासिंक कधी वापरायचं?

एफसिंक डेटा आणि सगळा मेटाडेटा (फाइलबद्दलची माहिती) लिहितो, अगदी शेवटचा बदल कधी झाला ती वेळसुद्धा. एफडेटासिंक तो वेळेचा वगैरे भाग सोडून देतो, पण फाइलची साइज बदलली असेल तर ती लिहितो, कारण तिच्याशिवाय डेटा परत वाचताच येणार नाही. आधीच जागा घेऊन ठेवलेल्या आणि शून्य भरून ठेवलेल्या लॉग फाइलवर याचा चांगला फायदा होतो. रोज वाढत जाणाऱ्या फाइलवर फारसा नाही. पहिल्यांदा लिहिताय तर एफसिंकच वापरा, ते मायक्रो-ऑप्टिमायझेशन नंतर बघू.

लिनक्सवर एफसिंक यशस्वी झालं म्हणजे डेटा नक्की डिस्कवर ना?

आजच्या ईएक्सटी४, एक्सएफएस वगैरे फाइलसिस्टिमवर, डिस्क खोटं बोलत नसेल तर हो. हा "तर" महत्त्वाचा आहे. डिस्कच्या आत स्वतःची रॅम असते, तिला राइट कॅश म्हणतात, आणि ती पण "मिळालं" म्हणून आधी सांगून टाकते. म्हणून कर्नल एफसिंकच्या शेवटी डिस्कला वेगळी फ्लश कमांड देतो की बाबा तुझी कॅश पण खाली कर. पूर्वी ईएक्सटी३ वर ही गोष्ट (तेव्हा बॅरियर म्हणायचे) डीफॉल्टने बंद असायची, ईएक्सटी४ ने ती चालू केली. तुमच्या मशीनवर काय आहे ते बघायचं असेल तर सिस फोल्डरमध्ये ब्लॉक डिव्हाइसच्या क्यू खाली राइट कॅश नावाची फाइल असते, तिच्यात राइट बॅक की राइट थ्रू ते लिहिलेलं असतं.

सर्व्हरच्या महागड्या एसएसडीत पॉवर गेल्यावर कॅश खाली करण्यापुरते कपॅसिटर बसवलेले असतात, त्यामुळे त्यांना फ्लश कमांड आली तरी त्या लगेच हो म्हणू शकतात आणि ते खरं असतं. लॅपटॉपमधल्या साध्या एसएसडीला तसं करता येत नाही, तिला खरंच लिहावं लागतं. दोन्हीवर एकच बेंचमार्क चालवला की आकडे इतके वेगळे का येतात त्याचं बऱ्याचदा हेच कारण.

मॅकवर पण तोच एफसिंक आहे, मग वेगळं काय?

नाव तेच, काम कमी. मॅकवर साधा एफसिंक डेटा डिस्ककडे पाठवतो पण डिस्कला कॅश खाली करायला सांगत नाही आणि ॲपलच्या स्वतःच्या मॅन्युअल पेजवर हे स्पष्ट लिहिलंय, की डिस्क तो डेटा बऱ्याच वेळाने आणि वेगळ्याच क्रमाने लिहू शकते. खरं हवं असेल तर एफकंट्रोल कॉलला एफ-फुलएफसिंक हा कोड द्यायचा. तो बराच स्लो आहे. मध्ये एक एफ-बॅरियरएफसिंक पण आहे, तो क्रमाची हमी देतो पण आत्ताच्या आत्ता टिकाऊ झालं याची नाही.

म्हणून "माझ्या मॅकबुकवर एफसिंक किती फास्ट आहे आणि लिनक्स सर्व्हरवर किती स्लो" असली तुलना कोणी केली की आधी विचारायचं, नक्की कुठला कॉल मोजला? कारण एकाने पूर्ण काम केलंय आणि दुसऱ्याने अर्धं.

भाषांचं बघा: गो मध्ये १.१२ पासून सिंक केलं की मॅकवर फुल वालाच कॉल जातो. रस्टमध्ये सिंक-ऑल पण तसंच. नोडच्या खाली जी लिबयूव्ही आहे तीही आधी फुल करून बघते. पायथॉनचा ओएस डॉट एफसिंक मात्र मॅकवर साधा एफसिंकच मारतो, तिथे एफकंट्रोल मॉड्यूल आणून हाताने करावं लागतं. एस्क्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये फुलएफसिंक नावाचा प्राग्मा (सेटिंग) आहे, डीफॉल्टने बंद. आणि काही नेटवर्क शेअर किंवा बाहेरच्या ड्राइव्हवर हा कोड चालतच नाही, तेव्हा एरर आली तर साध्या एफसिंकवर उतरायची सोय कोडमध्ये ठेवा.

विंडोजवर काय वापरायचं?

फ्लशफाइलबफर्स. सीच्या लायब्ररीतून आलात तर अंडरस्कोर कमिट, पायथॉनचा ओएस डॉट एफसिंक विंडोजवर आतून हेच कमिट करतो. हा कॉल डिस्कच्या कॅशपर्यंत जातो, त्या बाबतीत विंडोज मॅकपेक्षा सरळ आहे. फक्त हँडल लिहिण्याच्या परवानगीने उघडलेलं पाहिजे, रीड-ओन्ली हँडलवर ॲक्सेस डिनाइड येतं आणि लिनक्सवरून आलेला माणूस इथे हमखास अडखळतो, कारण लिनक्सवर रीड-ओन्ली उघडूनही एफसिंक चालतो.

राइट-थ्रू फ्लॅग देऊन फाइल उघडली की प्रत्येक राइट थेट जातो, पण तो डिस्कने त्या-त्या राइटपुरता मान ठेवण्यावर अवलंबून आहे आणि सगळं हार्डवेअर तो ठेवतंच असं नाही. माझं मत, फ्लश कॉलच बरा.

अजून एक. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या पॉलिसी टॅबवर राइट-कॅश बफर फ्लशिंग बंद करायचा एक चेकबॉक्स असतो, "पीसी फास्ट करा" टाइपच्या सल्ल्यांमध्ये तो टिक करायला सांगतात. तो टिक केला की वरचं सगळं पाण्यात. कस्टमरच्या मशीनवर डेटा उडतोय आणि कोडमध्ये काही सापडत नसेल तर हे एकदा बघून घ्या.

सेटिंगची फाइल सेव्ह करायचीय. जुनी तरी राहावी किंवा नवीन तरी यावी, मधलं काही नको. कसं करू?

हा खरा कामाचा प्रश्न. जुन्या फाइलवरच ट्रंकेट करून (म्हणजे आधी रिकामी करून) लिहायला घेतलं तर ट्रंकेट आणि राइटच्या मधल्या क्षणी लाइट गेली की जुनीही नाही आणि नवीनही नाही. म्हणून पद्धत अशी: त्याच फोल्डरमध्ये टेम्प नावाने नवीन फाइल उघडा, पूर्ण लिहा, आतला बफर फ्लश करा, एफसिंक करा, क्लोज करा, मग रीनेम करून जुन्या नावावर बसवा आणि शेवटी त्या फोल्डरलाच एफसिंक करा. टेम्प फाइल त्याच फोल्डरमध्ये का, तर टेम्प फोल्डर दुसऱ्या पार्टिशनवर असला की रीनेम होतच नाही, आणि मग कोणीतरी कॉपी करून डिलीट करायचा कोड लिहितो आणि सगळी मेहनत वाया.

आता लोक यातलं रीनेम लक्षात ठेवतात आणि एफसिंक गाळतात. त्याचाच २००९ मध्ये मोठा गाजावाजा झाला होता. ईएक्सटी४ नवीन होती, तिच्यात डिलेड ॲलोकेशन आलं, म्हणजे डेटाला डिस्कवर जागा द्यायचं काम शेवटपर्यंत पुढे ढकलायचं. रीनेमची नोंद जर्नलमध्ये (फाइलसिस्टिमच्या बदलांच्या नोंदवहीत) आधी पोचायची आणि डेटा मागेच, मशीन क्रॅश झाली की डेस्कटॉपच्या सगळ्या सेटिंग फाइल्स शून्य बाइटच्या. ॲप्लिकेशनवाले म्हणाले फाइलसिस्टिम तुटलीय, फाइलसिस्टिमवाले टेड त्सो म्हणाले की एफसिंक न करता हमी मिळतच नव्हती, ईएक्सटी३ च्या वागण्यामुळे तुम्हाला सवय लागली होती एवढंच. दोघांचंही बरोबर होतं, असं मला वाटतं. शेवटी कर्नल २.६.३० मध्ये ईएक्सटी४ ला तडजोड घातली की जुन्या फाइलवर रीनेम होत असेल तर नवीन फाइलचे ब्लॉक आधी लिहायला काढायचे. ती अजून आहे, पण दुसऱ्या फाइलसिस्टिमवर तीच सवलत मिळेल असं धरून कोड लिहू नका.

विंडोजवर रीनेमच्या जागी मूव्हफाइलईएक्स, रिप्लेस-एक्झिस्टिंग आणि राइट-थ्रू हे दोन्ही फ्लॅग देऊन. तिथे एक वेगळीच डोकेदुखी, ती फाइल त्या क्षणी अँटीव्हायरस किंवा इंडेक्सरने उघडून ठेवलेली असेल तर रीनेम फेल होतं. थोडं थांबून चार-पाच वेळा परत ट्राय करा, तेवढ्यात सुटते.

फोल्डरला एफसिंक? हे काय नवीन?

नवीन नाही, दुर्लक्षित आहे. फाइलचा डेटा एकीकडे आणि "या नावाची फाइल इथे आहे" ही नोंद दुसरीकडे, म्हणजे फोल्डरमध्ये असते. फाइलला एफसिंक केल्याने फोल्डरची नोंद डिस्कवर गेलीच असं नाही, लिनक्सच्या मॅन्युअलमध्येच तसं लिहिलंय. म्हणून फोल्डर रीड-ओन्ली उघडायचा आणि त्याच्या डिस्क्रिप्टरवर एफसिंक मारायचा. सेटिंग फाइलच्या बाबतीत हे विसरलं तर फार तर जुनी आवृत्ती परत येईल, पण नवीन तयार केलेल्या फाइलच्या बाबतीत फाइलच गायब दिसू शकते.

विंडोजवर पायथॉनमधून फोल्डर असा उघडायला गेलात तर परमिशन एरर येते. तिथे ही पायरी सोडून द्या, प्लॅटफॉर्म बघून इफ टाका.

एफसिंकने एरर दिली तर परत एकदा मारून बघू का?

नका. हा इथला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि बहुतेकांचं उत्तर चुकतं, अगदी पोस्टग्रेस डेटाबेसचंही वीसेक वर्षं चुकलं होतं.

काय होतं बघा. डिस्कवर लिहिताना खरंच गडबड झाली, एफसिंकने इनपुट-आउटपुट एरर दिली. तुम्हाला वाटतं डेटा अजून कॅशमध्ये डर्टी आहे, परत मारलं की परत प्रयत्न होईल. लिनक्सवर तसं होत नाही. लिहायचा प्रयत्न फसला तरी ते पान क्लीन म्हणून मार्क होतं आणि एरर एकदा कळवली की कर्नलच्या दृष्टीने विषय संपला. दुसऱ्यांदा एफसिंक मारलं की लिहायला काही शिल्लकच नाही म्हणून ते खुशाल यशस्वी होतं. डेटा डिस्कवर नाही, आणि तुमच्या लॉगमध्ये "रिट्राय सक्सेस". यापेक्षा वाईट काय असणार.

२०१८ मध्ये पोस्टग्रेसवाल्यांच्या हे लक्षात आलं, त्याला लोक एफसिंकगेट म्हणतात. त्यांचा चेकपॉइंट (साठलेले बदल मुख्य फाइलींत पक्के करायची पायरी) एफसिंक फेल झाल्यावर परत प्रयत्न करायचा, दुसऱ्यांदा पास झाला की जुना वॉल (बदलांचा आधीच लिहून ठेवलेला लॉग) टाकून द्यायचा, आणि तोच एक शेवटचा चांगला पुरावा असायचा. फेब्रुवारी २०१९ च्या अपडेटपासून (११.२ आणि त्याबरोबरच्या जुन्या शाखांच्या आवृत्त्या) एफसिंक फेल झालं की सर्व्हर सरळ पॅनिक करून पडतो आणि उठल्यावर वॉलमधून सगळं परत लिहितो. डेटा-सिंक-रिट्राय नावाचं सेटिंग आहे, डीफॉल्ट ऑफ, ते ऑन करायच्या फंदात पडू नका. कर्नलमध्येही ४.१३ पासून सुधारणा झाली की फाइल उघडून बसलेल्या प्रत्येकाला एरर एकदा तरी कळते, त्याआधी ती भलत्यालाच कळून मोकळी व्हायची. फ्रीबीएसडी मात्र एरर आली तरी पानं डर्टीच ठेवतं, तिथे परत मारण्याला अर्थ आहे. पण तुमचा कोड दोन्हीकडे चालणार असेल तर लिनक्सचाच नियम धरा.

मग करायचं काय? तुमच्या हातातला मूळ डेटा अजून मेमरीत असेल तर नवीन फाइलमध्ये पहिल्यापासून लिहा. नसेल तर थांबा, युजरला स्पष्ट सांगा, पुढे जाऊ नका.

ओ-डायरेक्ट वापरलं तर एफसिंक लागत नाही ना?

लागतं. ओ-डायरेक्ट पेज कॅश टाळतं, डिस्कची कॅश नाही, आणि मेटाडेटाचं तर काहीच बोलत नाही. त्याच्याबरोबर ओ-डीसिंक फ्लॅग द्या किंवा एफडेटासिंक मारा. आणि सिंक-फाइल-रेंज नावाचा लिनक्सचा कॉल दिसला तर दुरून नमस्कार, तो ना मेटाडेटा लिहितो ना डिस्कची कॅश खाली करतो.

एममॅप केलेली, म्हणजे मेमरीत जोडून घेतलेली फाइल?

लिनक्स-मॅकवर एमसिंक, एमएस-सिंक फ्लॅगने. विंडोजवर फ्लशव्ह्यूऑफफाइल आणि त्यानंतर फ्लशफाइलबफर्स, पहिला एकटा पुरत नाही.

एवढं सगळं केलं तर ॲप गोगलगाय होईल. प्रत्येक राइटला एफसिंक टाकू का?

अजिबात नको. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क एक फेरा मारायला ८.३ मिलिसेकंद घेते, म्हणजे एकामागून एक कमिट करत बसलात तर सेकंदाला १२० च्या आसपास अडकाल. एसएसडीवर बरं आहे पण फुकट तिथेही नाही.

मी एकच गोष्ट बघतो: बाहेर कोणाला "झालं" म्हणून सांगितलं जातंय का, आणि कधी? मेडिकलच्या काउंटरवरचं बिलिंग घ्या. बिल प्रिंट होऊन गिऱ्हाइकाच्या हातात पडलं आणि तेवढ्यात लाइट गेली, इन्व्हर्टर चढेपर्यंत पीसी रीस्टार्ट, आणि परत चालू केल्यावर तो बिल नंबर सिस्टिममध्येच नाही, पुढच्या गिऱ्हाइकाला तोच नंबर. म्हणून आधी कमिट, मग प्रिंट. बिलातल्या दहा ओळींसाठी दहा एफसिंक नाही, एका बिलाला एक. स्क्रीनची साइज, शेवटचा उघडलेला टॅब, डीबग लॉग यांना शून्य. एकाच वेळी वीस लोकांची कमिट आली तर सगळ्यांची मिळून एक एफसिंक मारता येते, त्याला ग्रुप कमिट म्हणतात, चांगले डेटाबेस हे आपणहून करतात.

मग डेटाबेसच वापरला तर ही कटकट सुटते ना?

बऱ्यापैकी, आणि खरं सांगायचं तर स्वतःचा फाइल फॉरमॅट आणि स्वतःचा जर्नल लिहायच्या आधी एस्क्यूलाइट घ्या हेच माझं पहिलं उत्तर असतं. पण सेटिंग वाचा. एस्क्यूलाइट वॉल मोडमध्ये सिंक्रोनस नॉर्मल ठेवलं तर लाइट गेल्यावर डेटाबेस खराब होत नाही पण शेवटची काही ट्रान्झॅक्शन जाऊ शकतात, बिलिंगसारख्या कामाला फुल ठेवा. मायएस्क्यूएलमध्ये इनोडीबी-फ्लश-लॉग-ॲट-ट्रान्झॅक्शन-कमिट १ वर पाहिजे, २ किंवा ० केलंत तर सेकंदाभराचा डेटा पणाला. रेडिसचं अपेंडएफसिंक डीफॉल्टला एव्हरीसेक आहे, म्हणजे तिथेही साधारण एक सेकंद. पोस्टग्रेस मॅकवर चालवत असाल आणि खरी टिकाऊ कमिट हवी असेल तर वॉल-सिंक-मेथडला एफसिंक-राइटथ्रू.

व्हर्च्युअल मशीन किंवा एनएफएसवर (नेटवर्कवरच्या फाइल शेअरवर)?

तिथे आतला एफसिंक बाहेरच्या मालकाच्या मर्जीवर. क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमात कॅश अनसेफ ठेवलं तर फ्लश गिळून टाकलं जातं, राइटबॅक ठेवलं तर पुढे जातं. व्हर्च्युअलबॉक्स स्पीडसाठी गेस्टच्या (आतल्या मशीनच्या) फ्लश विनंत्या सहसा सोडून देतं, हे त्यांच्या मॅन्युअलमध्येच आहे, इग्नोरफ्लश ० केल्यावर ऐकतं. एनएफएस सर्व्हरवर एक्स्पोर्टला असिंक लावलं असेल तर सर्व्हर डिस्कवर न लिहिताच क्लायंटला झालं म्हणून कळवतो. म्हणजे कोड कितीही चोख असला तरी ॲडमिनची एक ओळ पुरते.

हे सगळं बरोबर चाललंय ते टेस्ट कसं करायचं?

किल मायनस नाइन मारून नाही, आधीच सांगितलं, प्रोसेस मेली तरी कॅश जिवंत असते, ती टेस्ट कायम पासच होणार. पहिली सोपी पायरी म्हणजे एसट्रेस (प्रोग्रॅम कर्नलला कुठले कॉल करतो ते दाखवणारं टूल) लावून एफसिंक, एफडेटासिंक, रीनेम आणि ओपन एवढेच कॉल बघा, कुठल्या क्रमाने जातायत. पाचच मिनिटांत कळतं की लायब्ररी खरंच एफसिंक मारते की नुसतं डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, आणि रीनेमच्या आधी मारते की नंतर. फाइलची एफसिंक रीनेमनंतर मारत असेल तर उपयोग नाही (फोल्डरची मात्र नंतरच).

पुढची पायरी खरी वीज तोडायची. डेटा लिहिणारी मशीन प्रत्येक कमिटनंतर नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला नंबर कळवते, मध्येच प्लग खेचायचा, चालू झाल्यावर दुसऱ्या मशीनला माहीत असलेला शेवटचा नंबर डिस्कवर आहे का ते बघायचं. नसेल तर मधलं कोणीतरी खोटं बोलतंय. प्लग खेचायची हिंमत नसेल तर लिनक्सच्या डिव्हाइस मॅपरमध्ये लॉग-राइट्स आणि फ्लेकी अशी दोन टार्गेट आहेत, त्यांच्यावर हेच आरामात करता येतं.

उलटी गंमत म्हणजे ईट-माय-डेटा नावाची लायब्ररी पण आहे, ती एफसिंक सगळे नावापुरते करून टाकते, टेस्ट सुइट किंवा पॅकेज इन्स्टॉल फास्ट व्हावं म्हणून. फेकून द्यायच्या कंटेनरमध्ये मस्त आहे. प्रॉडक्शनवर कोणी लावून ठेवली नाहीये ना ते बघा.

पेनड्राइव्हवर कॉपी १०० टक्के दाखवतं, मग इजेक्टला इतका वेळ का?

कारण तो १०० टक्क्यांचा बार पेज कॅश भरल्याचा होता. विंडोज १० च्या १८०९ पासून बाहेरच्या ड्राइव्हना क्विक रिमूव्हल डीफॉल्ट आहे म्हणून तिथे हे कमी जाणवतं. लिनक्सवर सिंक कमांड द्या आणि प्रॉम्प्ट परत येईपर्यंत ड्राइव्हला हात लावू नका. मशीनमध्ये रॅम जितकी जास्त तितका हा उशीर जास्त, कारण डर्टी पानांची मर्यादा उपलब्ध मेमरीच्या टक्क्यांत असते: डीफॉल्टने १० टक्क्यांना मागे लिहायला सुरुवात आणि २० टक्क्यांना लिहिणाऱ्यालाच थांबवणं. १६ जीबीच्या लॅपटॉपवर जुन्या यूएसबी २ पेनड्राइव्हसाठी तो हिशोब करून बघा.